घनफळाच्या बहुपदीवरून इष्टिकाचितीची मापे : एका उदाहरणप्रकाराची चिकित्सा

बीजगणिताच्या अध्यापनात एक उदाहरणप्रकार फार रूढ झाला आहे. इष्टिकाचितीचे घनफळ क्ष³ + ११क्ष² + २४क्ष असे दिलेले असते आणि तिची लांबी, रुंदी व उंची विचारलेली असते. विद्यार्थी अवयव पाडून क्ष, (क्ष + ३) आणि (क्ष + ८) असे उत्तर देतो व त्यास पूर्ण गुण मिळतात. अवयव बिनचूक आहेत, याविषयी वाद नाही. परंतु ते त्या इष्टिकाचितीची मापे होत, हे विधान मात्र दिलेल्या माहितीवरून निष्पन्न होत नाही. प्रस्तुत टिपणात याच विसंगतीचा विचार करावयाचा आहे.

बहुपदीचे अविभाज्य अवयव, क्रम व अचल गुणक सोडता, एकमेव असतात हा सिद्धांत येथे गृहीत धरलेला दिसतो. पण हा सिद्धांत बहुपदींविषयी आहे, घनाकृतींविषयी नव्हे. इष्टिकाचितीची बाजू अविभाज्य बहुपदीच असावी, असे कोणतेही बंधन भूमिती घालीत नाही. २क्ष, (क्ष + ३) व (क्ष/२ + ४) या मापांचे घनफळ तेच येते. १, क्ष व (क्ष² + ११क्ष + २४) यांचेही तेच. सिद्धांतात ज्या अचल गुणकांकडे आपण दुर्लक्ष करतो, तेच पेटीचा आकार पालटतात. तिन्ही मापे एकघाती असून त्यांत क्ष चा सहगुणक १ आहे, एवढी अट घातली की प्रश्न निर्दोष होतो. पण ही अट बहुधा लिहिलेली नसते.

या संदर्भात भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) खातव्यवहार पाहण्यासारखा आहे. तेथे एका वाकड्यातिकड्या खाताचे उदाहरण आहे. त्याची लांबी तीन ठिकाणी १०, ११ व १२ हस्त, रुंदी ६, ५ व ७ हस्त आणि वेध २, ४ व ३ हस्त. प्रत्येक मापाची सरासरी घेतली असता ११, ६ व ३ हस्त येतात आणि घनफळ १९८ घनहस्त मिळते. विचाराची दिशा मापांकडून घनफळाकडे आहे, आणि त्या दिशेने उत्तर निश्चित आहे. उलट दिशेने मात्र १९८ ही संख्या तीन धन पूर्णांकांच्या गुणाकाराच्या रूपात, क्रम न मानता, दहा प्रकारे मांडता येते; अपूर्णांक घेतल्यास प्रकारांना अंतच नाही. आपल्या बहुपदीत क्ष = ३ घातल्यास हेच १९८ येतात. पहिल्या अवयवांनी ३, ६, ११ ही मापे मिळतात, दुसऱ्यांनी ६, ६, ५.५ आणि तिसऱ्यांनी १, ३, ६६. केवळ घनफळावरून खात ओळखता येत नाही. बहुपदीचा वेष चढविल्याने ही अडचण झाकली जाते, दूर होत नाही.

मग अवयवांचा खरा उपयोग कोठे? जेथे मापांमधील संबंध आधी ठाऊक असतो आणि घनफळ संख्येने दिलेले असते तेथे. नवी मुंबईतील कामोठे येथे एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात पाण्याची भूमिगत टाकी बांधावयाची आहे, असे समजा. तळ चौरस, क्षमता ३६,००० लिटर म्हणजे ३६ घनमीटर, आणि तळाची बाजू व खोली यांची बेरीज ७ मीटर. बाजू क्ष मानल्यास क्ष²(७ − क्ष) = ३६, म्हणजेच क्ष³ − ७क्ष² + ३६ = ०. याचे अवयव (क्ष − ३)(क्ष − ६)(क्ष + २) असे पडतात. येथे हे अवयव टाकीच्या बाजू नव्हेत. ते अज्ञाताच्या संभाव्य किमती दर्शवितात. ऋण मूळ त्याज्य. उरली दोन : ३ मीटर बाजू व ४ मीटर खोली, किंवा ६ मीटर बाजू व १ मीटर खोली. यांतील कोणती घ्यावी हे बीजगणित सांगत नाही. आवारात जागा अपुरी असेल तर पहिली. खणताना लवकर पाणी लागत असेल तर दुसरी.

मुळांची अशी पारख ही काही नवी गोष्ट नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांच्या कळपाचे उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसला. समीकरणाची मुळे ५० व ५ येतात. पाच घेतल्यास पाचव्या भागातून तीन वजा जाता ऋण संख्या उरते; म्हणून समीकरणात बसूनही ते मूळ आचार्यांनी स्वीकारले नाही. समीकरण सोडविणे व प्रश्न सोडविणे यांतील भेद त्यांनी पाळला आहे.

अशी उदाहरणे केवळ सरावासाठी असतात, असे त्यांच्या समर्थनार्थ म्हटले जाईल. परंतु सरावच करावयाचा असेल तर अवयव पाडण्यास सरळ सांगावे. त्यासाठी पेटीची आवश्यकता नाही. पेटी आणावयाचीच असेल तर घनफळ व दोन मापे देऊन तिसरे विचारावे. तेथे भागाकाराने उत्तर एकच येते. अथवा वरील टाकीप्रमाणे मापांचा संबंध द्यावा. नित्यसमानतेत क्ष ला कोणतीही किंमत चालते, समीकरणात तिचाच शोध घ्यावयाचा असतो. रूढ उदाहरणात हा भेद पुसला जातो. पदव्युत्तर वर्गांतील अनेक विद्यार्थी उद्या अध्यापक होतील. दिलेली माहिती उत्तरास पुरेशी आहे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, तर तो त्यांच्या विद्यार्थ्यांनाही कधी सुचणार नाही.