मुठीचा जीर्णोद्धार

आपल्या मंडळाच्या अंकात नाटकांची, पुस्तकांची, गाण्याच्या बैठकींची परीक्षणे येतात. दुरुस्तीचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. दुरुस्ती म्हणजे हमाली, तिच्यात रसग्रहण कसले, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. दुसऱ्याने केलेली वस्तू उघडायची, तिच्यातले काय राखायचे आणि काय टाकायचे ते ठरवायचे, हे काम समीक्षकाचेच आहे. फक्त त्याच्या हातात लेखणीऐवजी चाकू असतो. म्हणून आज एका फिशिंग रॉडच्या मुठीच्या दुरुस्तीचे परीक्षण करतो.

रॉड आमच्या एका स्नेह्यांचा. सुमारे २० वर्षांपूर्वी इथल्याच एका निवृत्त कारागिराने तो त्यांना मुद्दाम बांधून दिला. ‘बांधून’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. कारखान्यातून येते ती ग्राफाइटची पोकळ, निमुळती काठी. तिला ब्लँक म्हणतात. तिच्यावर तंगूस ओवायच्या कड्या दोऱ्याच्या वेढ्यांनी बांधायच्या, रीळ अडकवायची बैठक बसवायची आणि बैठकीच्या मागेपुढे बुचाच्या चकत्या चिकटवून त्यांना मुठीचा आकार द्यायचा. या कारागिराने स्नेह्यांचा हात कोपरापर्यंत मापला आणि मागची मूठ त्या मापाची केली. पुढच्या मुठीच्या जरा वर, पारदर्शक लेपाखाली, त्यांचे नाव लिहून शेजारी आपली सही केली. कारागीर आता हयात नाही.

दुखणे बैठकीपासून सुरू झाले. बैठकीचे भोक ब्लँकपेक्षा बरेच रुंद असते. मधली जागा भरायला पुष्कळ कारागीर मास्किंग टेपचे वेढे देतात. ही टेप कागदाची. वर्षानुवर्षे पाणी मुरले की ती कुजते आणि बैठक खुळखुळू लागते. इथे तेच झाले होते. शिवाय मागच्या मुठीचे बूच बोटीच्या काठावर आपटून आपटून चुरा होत आले होते.

अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली, बैठकीला बारीक भोके पाडून आत इपॉक्सी सोडायचे. त्याने खुळखुळ थांबते, पण कुजलेला कागद आतच राहतो. दुसरी, सगळी मूठ खरवडून नवी बसवायची. जुन्या दगडी देवळाला चकचकीत ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणावे, तशातला हा प्रकार. तिसरी वाट नेमका रोगट भाग काढून बाकीचे वाचवण्याची. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने ती धरली, इथेच त्याला पहिला गुण.

खरा प्रश्न त्यापुढचा. बैठक मधोमध असल्यामुळे ती काढायला पुढची किंवा मागची, एक मूठ द्यावीच लागते. पुढची दिली तर नवे बूच शेंड्याकडून सरकवावे लागते. म्हणजे वाटेतल्या कड्या सोडवायच्या, लेप खरवडायचा आणि सहीसुद्धा धोक्यात घालायची. मागची दिली तर रुंद भोकाची बैठक बुडाकडून अलगद निघते, पुढे कशालाच धक्का लागत नाही. पण मागच्या मुठीतच तर ते कोपराचे माप होते! क्रिकेटच्या बॅटचा वेताचा दांडा मोडला तर पाते वाचवण्यासाठी आपण बिनदिक्कत नवा दांडा घालतो, कारण तो दांडा कोणा एकाच्या मापाचा नसतो. इथे मूठच माणसाची होती.

तरुणाने मागची मूठ दिली आणि माझ्या मते अचूक दिली. माप उतरवून घेता येते, सही येत नाही. कापण्याआधी त्याने मुठीची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर काढली, दर चकतीची जाडी व्हर्नियरने मोजून लिहिली आणि मग चाकू उचलला. जे मोजता येते ते पुन्हा घडवता येते. जे मोजता येत नाही ते आधी राखावे. या सबंध कामाचे सूत्र मला एवढेच दिसते.

हातोटीही चांगली. चाकू लांबीच्या दिशेने आणि उथळ चालवला. शेवटचा थर कापला नाही, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. ब्लँकमधले ताण सोसणारे तंतू बहुतेक लांबीच्या दिशेने असतात. त्यांना आडवा चरा गेला तर रॉड एखाद्या दिवशी ऐन मासा लागला असताना तिथेच मोडतो. इपॉक्सी तापवले की मऊ पडते, पण ज्योत धरली तर ब्लँकमधले रेझिनही करपते. म्हणून त्याने गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळून बैठक हळूहळू फिरवत सोडवली. ती धडधाकट निघाली, तेव्हा धुऊन पुन्हा तीच बसवली. आत कागदाऐवजी फायबरग्लासची जाळीची टेप घातली. तिच्यातून इपॉक्सी आरपार भरते, पाण्याला जागा उरत नाही.

पुढची मूठ फक्त साबणाने धुतली. खड्ड्यांत बुचाचा भुसा गोंदात कालवून भरला, वरून बारीक पॉलिशपेपर फिरवला. हा संयम मला फार आवडला. जगातले जवळजवळ अर्धे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. तिथे झाड साधारण २५ वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात आणि मग दर ९ वर्षांनी. उत्तम प्रतीचे बूच तिसऱ्या खेपेपासून मिळते, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर. इतक्या सबुरीने तयार झालेली वस्तू मळली म्हणून फेकणे हा माजच म्हणायचा.

आता दोष. नव्या चकत्या त्याने कडक इपॉक्सीने जोडल्या. हाताच्या घर्षणाने बूच झिजते, इपॉक्सी तितके झिजत नाही. काही वर्षांनी दर अर्ध्या इंचावर एक एक कडे तळव्याला टोचू लागेल. पाण्याला टिकणारा लवचीक लाकडाचा गोंद इथे अधिक शहाणपणाचा होता. दुसरा दोष हौसेचा. बुडाशी त्याने बुचाच्या भुश्यापासून दाबून केलेली गडद, ठिपकेदार चकती बसवली. ती कठीण असते, आपटणे सोसते, म्हणून क्षम्य. पण तशीच दुसरी चकती बैठकीला लागून कशासाठी? तिथे काहीच आपटत नाही. जुन्या कारागिराच्या संयत कामावर ही नव्या माणसाची टिकली आहे, आणि ती उगीच लक्ष वेधते.

स्नेह्यांची तक्रार मात्र वेगळीच. पुढची मूठ तपकिरी आणि मागची गोरीपान, हे त्यांना ठिगळासारखे वाटते; रंग देऊन जुळवून घ्यायला हवे होते, असे ते म्हणतात. इथे मी तरुणाच्या बाजूने आहे. त्याने नव्याला जुने म्हणून खपवले नाही, हा प्रामाणिकपणा आहे. दोन-चार मोसमांचा घाम लागला की तो फरक आपोआप निवळेल.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाकडे असा बांधून घेतलेला रॉड असेल आणि मूठ हलू लागली असेल, तर दुरुस्तीला देताना किंमत विचाराच. पण त्याआधी काय काय काढणार आणि काय राखणार, तेही विचारा. ज्याच्यापाशी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल, त्याच्या हाती रॉड देऊ नका.