बहराम मोदी हा पुरावा नव्हे

चिरनेरहून गव्हाण फाट्याकडे निघालं की कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकायला होतं. त्यातल्या कितीतरी पेट्या चीनहून आलेल्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच मुंबई बंदरातून माल उलट दिशेने जायचा: कापूस आणि माळव्याची अफू. त्या व्यापारात पारशी आघाडीवर होते. हिरजी जीवनजी रेडीमनी 1756 मध्येच चीनला पोचले होते.

एमएस्सी केमिस्ट्रीनंतर मी अफूच्या इतिहासाकडे वळलो, तेव्हा सगळ्यात आधी हातात आली ती अमिताव घोष यांची 'रिव्हर ऑफ स्मोक' (2011). नायक बहराम मोदी. नवसारीचा गरीब घरातला मुलगा, मुंबईच्या जहाजं बांधणाऱ्या श्रीमंत घराण्याचा जावई, आणि 1838-39 च्या कँटनमधला अफूचा व्यापारी. कादंबरी वाचून मी भारावलो आणि पहिल्याच सेमिनारमध्ये लिहून टाकलं की, पारशी व्यापाऱ्यांना या धंद्याची टोचणी होती. गाइडनी एकच विचारलं, "कुणाला? नाव सांग." माझ्याकडे नाव एकच होतं, आणि तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता.

आधी कादंबरीचं श्रेय. शहराच्या तटाबाहेरच्या तेरा वखारी, तिथली धेडगुजरी बोली, जेवणाची ताटं, सौदे हे सगळं घोष असं उभं करतात की कँटन आपल्या ओळखीचं होतं. परदेशी बायकांना तिथे बंदी होती, त्यामुळे घरापासून तुटलेलं ते पुरुषांचं जगही नेमकं पकडलंय. अभ्यासकाला प्रश्न सुचवण्याचं काम हे पुस्तक फार चांगलं करतं.

घोटाळा होतो तो उत्तरापाशी. कमिशनर लिन अफू जप्त करतो, बहराम बुडतो आणि शेवटी मरतो. वाचताना आपल्यालाही वाटतं, हिशेब चुकता झाला. 1839 मध्ये वीस हजारांहून जास्त पेट्या चिन्यांच्या ताब्यात द्याव्या लागल्या आणि त्यात पारशांचंही नुकसान झालं, हे खरंच. पण जमशेटजी जीजीभॉय यांच्याकडे बघा. तेही नवसारीशी नातं असलेले, तेही चीनच्या व्यापारातून मोठे झालेले, जार्डिन मॅथेसनचे भागीदार. 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला आणि चीनवर अफूची भरपाई लादली गेली. त्याच वर्षी जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली, 1857 मध्ये ते बॅरोनेट झाले. जे. जे. रुग्णालय आजही उभं आहे. म्हणजे प्रत्यक्षात हिशेब चुकता झालाच नाही, तो दानधर्मात आणि सन्मानात मिसळून गेला. कादंबरीतला मृत्यू आपल्याला या अवघड गोष्टीतून सोडवतो. माझ्या मते ही तिची सर्वांत मोठी उणीव.

दुसरी उणीव चिनी समाजाची. बहरामची ची-मेई बरीचशी त्याच्या आठवणीतच जगते. तिला तो कसा दिसत होता, हे आपल्याला फारसं कळत नाही.

आमच्या गावचंच उदाहरण घ्या. 1930 च्या जंगल सत्याग्रहातले चिरनेरचे गावकरी खटल्याच्या कागदांत आरोपी आहेत. गावात त्यांना सत्याग्रही म्हणतात. एकच कागद वाचून बसलात तर अर्धीच माणसं भेटतील. कादंबरीचंही तसंच.

मग करायचं काय? कादंबरी टाकून देऊ नका. तिच्यातलं प्रत्येक विधान प्रश्नात बदला आणि मग पुराव्याकडे जा. जमशेटजींच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, जार्डिन मॅथेसनचं दप्तर केंब्रिजला. मकावमध्ये 1829 चं पारशी दफनभूमीचं आवार आहे. दख्म्याची सोय नसलेल्या मुलखात रीत मोडून माणसांना पुरावं लागलं, हे त्या थडग्यांवरून कळतं. परमुलखात धर्म कसा वाकतो, याचा तो दगडी पुरावा.

मीही ते सेमिनारमधलं वाक्य खोडलं. त्याजागी आता प्रश्न आहे: टोचणी होती का, आणि असलीच तर ती कोणत्या पत्रात दिसते? उत्तर अजून शोधतोय. तुमच्या प्रस्तावात असं एखादं वाक्य आहे का, ते आजच तपासून बघा.