‘सिक्वोया’ नौकेची अंतर्रचना : एक समीक्षा

जुन्या लाकडी मोटर-यॉटविषयी जे लेखन उपलब्ध आहे त्यात अंतर्भागाचे वर्णन बहुधा दोन प्रकारांनी केलेले आढळते. एक तर महोगनीची झिलई, पितळी कड्या, गालिचे यांची नोंद. नाहीतर त्या दिवाणखान्यात कोणकोण थोर माणसे बसून गेली त्यांची नामावळी. अमेरिकेच्या अध्यक्षांची नौका म्हणून ख्यात झालेल्या ‘सिक्वोया’च्या वाट्याला हा दुसरा प्रकार अधिक आला. परंतु राहण्याची जागा म्हणून ही रचना कशी आहे, हा मूळ प्रश्न दोन्ही प्रकारांत अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

ही नौका 1925 मध्ये न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथे मॅथिस यांच्या कारखान्यात बांधली गेली. आराखडा जॉन ट्रम्पी या नॉर्वेत जन्मलेल्या नौकारचनाकाराचा. लांबी 104 फूट. ओकच्या फासळ्यांवर पिवळ्या पाइनच्या फळ्या. फिलाडेल्फियाच्या कॅडवालडर कुटुंबासाठी ती तयार झाली. ट्रम्पी-मॅथिस यांच्या या जातीच्या नौकांना ‘हाउसबोट’ म्हणत, आणि हे नाव शब्दशः घेण्याजोगे आहे. धनिकांनी फ्लोरिडाच्या उथळ जलमार्गांतून हिवाळा घालवावा, हा त्यांचा हेतू. त्यामुळे तळ उथळ, आणि त्यावर जवळजवळ नौकेच्या लांबीइतके पसरलेले एकमजली घर. समुद्राशी झुंज देणे हे तिचे कामच नव्हे. खवळलेल्या पाण्यात जाणाऱ्या नौकेत आसने भिंतींशी जखडलेली असतात. ‘सिक्वोया’च्या भोजनगृहात मात्र मेजाभोवती सुट्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. एवढ्या एका गोष्टीवरून तिची जात ओळखता येते.

तरीही हे घर जमिनीवरचे नव्हे. डेकचा उतार, बाजूंची गोलाई आणि नाळेकडे चढत जाणारी कड यांमुळे आत काटकोन सहसा सापडत नाही. प्रत्येक दार आणि प्रत्येक कपाट जागेवर मापून बेतावे लागते. शिवाय लाकडी सांगाडा पाण्यात थोडाफार हलतच असतो आणि लाकूड ऋतुमानानुसार फुगते-आकसते. म्हणून चौकटीच्या खाचेत सैल बसविलेल्या तावदानांची भिंत येथे शोभेसाठी आलेली नाही. अखंड फळी ठोकली असती तर ती तडकली असती. वर्णनकार ज्या तावदानांची वाखाणणी करतात त्यांचे कारण सौंदर्यात शोधण्याऐवजी सुतारकामात शोधावे, हे बरे. असो.

या रचनेचा खरा गुण आमच्या मते तिच्या संकोचात आहे. या जातीच्या नौकांत सामान्यतः इंजिने मध्यभागी, त्यांच्या पुढे स्वयंपाकघर व खलाशांच्या कोठड्या, मागे मालक व पाहुणे यांची शयनगृहे, आणि वर डेकवर भोजनगृह, दिवाणखाना व पिछाडीची मोकळी ओसरी अशी वाटणी असे. पाहुण्याला एकान्त हवा असेल तर खाली जाऊन झोपणे एवढाच मार्ग. वर असेपर्यंत सर्वांनी एकमेकांच्या दृष्टीसमोर राहणे भाग. राजकारणी पुरुषांना ही नौका इतकी प्रिय का झाली, याचे उत्तर पोटोमॅकच्या निसर्गशोभेपेक्षा या वाटणीत अधिक सापडेल. वॉशिंग्टनमधील कोणत्याही कचेरीत मनुष्य मध्येच उठून जाऊ शकतो. नदीच्या मध्यावर तशी सोय नाही.

1931 मध्ये वाणिज्य खात्याने ती विकत घेतली, आणि 1933 पासून ती फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासाठी नौदलाकडे आली. रूझवेल्ट यांचे पाय पोलिओने अधू झालेले. अरुंद जिने त्यांना अशक्य. म्हणून आत एक लिफ्ट बसविण्यात आली. तीन वर्षांनी त्यांच्या दिमतीस आलेल्या ‘पोटोमॅक’ या पोलादी नौकेशी येथे तुलना करण्याजोगी आहे. तिच्यावर एक खोटे धुराडे उभारून लिफ्ट त्यात दडविली होती. ‘सिक्वोया’त मात्र तिने घराचीच जागा व्यापली. पुढे लिंडन जॉन्सन यांनी ती काढवून तेथे मद्याचा बार मांडला, आणि स्वतःच्या उंचीस पुरेल इतकी स्नानगृहाची जमीन खाली घेवविली. हे प्रसंग विनोदी किस्से म्हणून सांगितले जातात. तथापि ज्या जागेत इंचाइंचाचा हिशोब आहे तेथे प्रत्येक रहिवाशाला आपल्या देहासाठी जुन्यातले काहीतरी खोडावे लागते, हे त्यांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही आराखड्यातून होत नाही. 5 ऑगस्ट 1974 च्या सायंकाळी, राजीनाम्याच्या घोषणेपूर्वी तीन दिवस, निक्सन आपल्या कुटुंबासह याच नौकेवर होते. एका कुटुंबाला पुरेल आणि एका कुटुंबालाच पुरेल, अशी ती जागा आहे.

एक दोष मात्र सांगितला पाहिजे. नाळेकडील खलाशांचा भाग वर्णनांत जवळजवळ येतच नाही. तेथे बाजू निमुळत्या होतात, इंजिनाची उष्णता व आवाज जवळ असतो, आणि मागच्या शयनगृहांची ऐसपैस रुंदी ही या दाटीच्याच जोरावर शक्य झालेली असते. नुसत्या दिवाणखान्याची स्तुती करणारी समीक्षा अर्धी नौकाच पाहते.

हा विचार केवळ पांडित्याचा नव्हे. कार्टर यांच्या आदेशाने 1977 मध्ये नौका विकली गेली. 1987 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. तरी पुढे मालकीच्या वादात ती व्हर्जिनियातील एका गोदीत कुजत पडली. डेलावेअरच्या न्यायालयाने 2016 मध्ये निकाल दिला तेव्हा तिच्यात रकून नावाच्या प्राण्यांनी वस्ती केली होती. 2019 मध्ये बार्जवर चढवून तिला मेन राज्यातील बेलफास्ट येथे नेण्यात आले. अशा नौकेच्या जीर्णोद्धारात फळ्या व फासळ्या मोठ्या प्रमाणावर बदलणे अपरिहार्य असते, आणि त्यास कोणी हरकत घेऊ नये. लाकडी नौका अशाच जगत आल्या आहेत. वाद आहे तो आतल्या रचनेचा. कॅडवालडर कुटुंबाने पाहिली तशी 1925 ची निर्मळ नौका पुन्हा उभी करणे कारागिरांना मोहक वाटेल. पण त्या वर्षीची नौका कोणत्याही अध्यक्षाची नव्हती. उलट रूझवेल्ट यांची लिफ्ट प्रेक्षकांसाठी नव्याने बसविणे हेही नाटकच ठरेल, कारण ती काढली गेली हाच या जागेच्या इतिहासाचा भाग आहे. स्नानगृहाची खाली घेतलेली जमीन, लिफ्टच्या जागी आलेला बार, आणि खलाशांच्या त्या अरुंद कोठड्या, यांपैकी जे मापून-तपासून हाती लागेल ते आराखड्याशी जुळत नाही म्हणून सरळ करू नये, असे आमचे मत आहे.