भूमिकेचा वारस

एखादी भूमिका गाजली, की ती करणाऱ्या नटानंतर ती कोण करणार, हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात उभा राहतोच. नवा नट रंगमंचावर अगर पडद्यावर येतो आणि पहिल्याच दर्शनात निकाल लागतो : ‘पहिल्याची सर याला नाही’, किंवा क्वचित, ‘शोभला हो!’ समीक्षक अशा निकालांची सहसा दखल घेत नाही. ती त्याला केवळ सवयीची माया वाटते. परंतु भूमिका म्हणजे काय, ती नटाच्या देहात वसते की लेखकाच्या शब्दांत, याविषयीचे एक अव्यक्त मत या निकालात दडलेले असते. आणि ते मत वाङ्मयविचाराच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही. नटाला वजा केल्यावर लेखकाने निर्मिलेले पात्र म्हणून काही शिल्लक राहते की नाही, याची परीक्षा अशाच प्रसंगी होत असते.

ही परीक्षा जितक्या तीव्रतेने चेन्नईत झालेली दिसते, तितकी भारतातील अन्य नगरांत क्वचितच झाली असेल. तेथे नटावरील प्रेमाला सार्वजनिक उत्सवाचे रूप येते. चित्रपटाच्या पहिल्या दिवशी नायकाच्या भव्य चित्रफलकांना दुधाचा अभिषेक होतो. त्याच नगराने ‘सुजाता’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एस्. रंगराजन (१९३५–२००८) या अभियंत्याच्या लेखणीतून विज्ञानकथेला लोकप्रिय साप्ताहिकांच्या पानांवर मानाचे स्थान मिळालेले पाहिले. नटभक्ती आणि विज्ञानकथा हे दोन प्रवाह ‘एंदिरन’ (२०१०) या चित्रपटात एकत्र आले. त्या संगमाचे स्वरूप समजून घ्यायचे, तर आधी मूळ प्रश्नाची मांडणी करणे अवश्य आहे.

संस्कृत नाट्यविचारात श्रीशंकुकाने या प्रश्नाला जवळून स्पर्श केला आहे. नटाला पाहून ‘हा राम’ अशी जी प्रतीती होते, ती सम्यक नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्यरूपही नव्हे. चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणावे, तशी ती सर्वांहून विलक्षण असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्यावर भट्टतौताने घेतलेला एक आक्षेप मार्मिक आहे : ज्याने अनुकार्य कधी पाहिलेच नाही, त्याला हे त्याचे अनुकरण आहे असे कळावे कसे? दीर्घकाळ चालणाऱ्या कथामालिकेचा प्रेक्षक या वादात एक नवीच अडचण उभी करतो. त्याने ‘राम’ पाहिलेला असतो. आधीचा नट हाच त्याच्या लेखी अनुकार्य होऊन बसलेला असतो. त्यामुळे नव्या नटाला दोन मापे लागतात : एक पात्राचे आणि दुसरे पूर्वसूरीच्या अभिनयाचे. सामान्य चाहत्याच्या निकालात ही दोन्ही मापे एकमेकांत मिसळून गेलेली असतात, आणि त्यांची फोड करणे हेच समीक्षेचे काम ठरते.

ही फोड एका विज्ञानकथेने आपल्या कथानकातच करून दाखविली आहे. बी. बी. सी.ची ‘डॉक्टर हू’ ही दूरचित्रवाणीमालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. काळातून प्रवास करणाऱ्या डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती खालावल्यामुळे १९६६ साली ती भूमिका पॅट्रिक ट्रॉटन यांच्याकडे गेली. एरवी अशा वेळी प्रेक्षकाने बदललेल्या चेहऱ्याकडे सोयीस्कर डोळेझाक करावी, अशी मूक विनंती असते. येथे निर्मात्यांनी उलट मार्ग धरला. डॉक्टर हा मनुष्य नव्हेच. तेव्हा जीर्ण झालेला देह टाकून तो नवा धारण करतो, असे त्यांनी ठरविले. या घटनेला पुढे १९७४ साली ‘पुनर्जनन’ अशा अर्थाचे नावही मिळाले. जीर्ण वस्त्रे टाकून नवी नेसावीत, ही कल्पना भारतीय मनाला अपरिचित नाही. पण नटबदलाची व्यावहारिक गरज तीतून भागवावी, ही युक्ती मात्र अपूर्व होती.

ट्रॉटन यांच्या पहिल्याच कथेत याहून महत्त्वाची गोष्ट घडते. डॉक्टरचे सहप्रवासी बेन आणि पॉली या नव्या मनुष्याकडे संशयाने पाहतात. जुन्या डॉक्टरची अंगठी त्याच्या बोटात सैल होते. बेनचा तर मुळीच विश्वास बसत नाही. म्हणजे घराघरांत बसलेला प्रेक्षक जो निकाल द्यायला उत्सुक आहे, तोच निकाल पात्रांच्या तोंडी घालून लेखकाने त्याला कथेत जागा करून दिली आहे. या संशयाला पहिला धक्का बसतो तो शत्रूकडून : डॉक्टरचा जुना वैरी असलेला डॅलेक त्याला ओळखतो. मित्र चेहऱ्यावरून ओळखू पाहतात आणि फसतात. वैऱ्याला मात्र त्याच्या कृतीचे तत्त्व ठाऊक असते. या प्रसंगात प्रेक्षकाला एक निकष हाती दिलेला आहे. पात्राची ओळख लकबींत नसते. कोणत्या गोष्टीपुढे ते झुकत नाही आणि कोणासाठी ते स्वतःला धोक्यात घालते, यात ती असते. २०१७ साली जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीची त्या भूमिकेसाठी निवड जाहीर झाली, तेव्हा पुष्कळ जुने चाहते अस्वस्थ झाले आणि पुष्कळांनी तिचे स्वागत केले. त्या वादातही दोन्ही पक्षांना ‘डॉक्टर म्हणजे काय’ याचेच उत्तर द्यावे लागले, आणि नटनटींच्या तुलनेतून चर्चा पात्राच्या व्याख्येपर्यंत आली. मालिकेच्या दीर्घायुष्याचे रहस्य काही अंशी या वादक्षमतेत आहे.

आता चेन्नईकडे वळावे. सुजाता यांच्या गणेश आणि वसंत या वकीलजोडीच्या रहस्यकथा तमिळ वाचकांत अतोनात लोकप्रिय होत्या. ही पात्रे क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथांतून वाचकांच्या मनात रुजली. म्हणजे एकाही नटाने ती करण्यापूर्वी प्रत्येक वाचकाजवळ आपापला गणेश तयार होता. १९७७ च्या ‘गायत्री’ या चित्रपटात जयशंकर यांनी गणेशची भूमिका केली. त्याच चित्रपटात खलनायक होते रजनीकांत. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, ‘प्रिया’मध्ये गणेश झाले ते स्वतः रजनीकांत. कालचा प्रतिपक्षी आज त्याच पात्राच्या गादीवर बसला! सुजातांचा गणेश बुद्धीने वागणारा, मोजके बोलणारा आणि युक्तिवादावर जगणारा. ‘प्रिया’तला गणेश सिंगापूरच्या पार्श्वभूमीवर गाणी गातो. वाचक म्हणून पाहणाऱ्याला येथे गणेश हरवला असे वाटणे स्वाभाविक होते. नटाचा चाहता म्हणून पाहणाऱ्याला काहीच हरवले नव्हते. एकाच चित्रगृहात शेजारी शेजारी बसलेल्या या दोन प्रेक्षकांचे निकाल एकमेकांशी जुळणे शक्य नव्हते. कारण एकाच्या हातात पात्राचे माप होते आणि दुसऱ्याच्या हातात नटाचे.

नट आणि भूमिका यांच्या देवघेवीचा या नगराचा इतिहास मराठी वाचकाला विशेष कुतूहलाचा वाटेल. अण्णादुरै यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणाऱ्या व्ही. सी. गणेशन यांना पेरियार रामस्वामींनी ‘शिवाजी’ हे नाव दिले आणि ते जन्मभर शिवाजी गणेशन म्हणून ओळखले गेले. तेथे भूमिकेने नटाला आपले नाव दिले. पुढे बंगळूरच्या मराठीभाषी कुटुंबात १९५० साली जन्मलेले शिवाजीराव गायकवाड चित्रपटांत आले, तेव्हा त्या नावाचा थोर नट आधीच असल्यामुळे दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्यांना आपल्या ‘मेजर चंद्रकांत’मधील एका पात्राचे नाव दिले : रजनीकांत. म्हणजे हा नटदेखील एका पात्राचेच नाव घेऊन उभा राहिला. पण काळाच्या ओघात क्रम उलटला. ते मूळचे पात्र कोणाच्या स्मरणात उरले नाही आणि नाव मात्र इतके मोठे झाले, की पुढे प्रत्येक भूमिकेलाच ते नाव धारण करावे लागले.

‘एंदिरन’चे वैशिष्ट्य या पार्श्वभूमीवर उमगते. दिग्दर्शक शंकर यांच्या मनातील हा यंत्रमानव प्रथम कमल हासन यांचा चेहरा घेऊन येणार होता. त्यांची छायाचित्रेही काढली गेली होती. २००७ साली शाहरुख खान यांचे नाव पुढे आले आणि मागे पडले. अखेर भूमिका रजनीकांत यांच्याकडे आली. सुजातांचा संवादलेखनात वाटा होता. परंतु चित्रपट प्रदर्शित होण्याच्या अडीच वर्षे आधी, २७ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले. कथेतील शास्त्रज्ञ वसीगरन स्वतःच्याच रूपाचा यंत्रमानव घडवितो. त्या चिट्टीला भावना दिल्या जातात, तो प्रेमात पडतो, भंगारात जातो, संहारक होऊन परततो आणि आपल्याच असंख्य प्रती निर्माण करतो. २०१८ च्या ‘२.०’ मध्ये या चेहऱ्याच्या चिमुकल्या आवृत्तीही अवतरतात. ‘डॉक्टर हू’मध्ये व्यक्ती एक आणि चेहरे अनेक आहेत, ‘एंदिरन’मध्ये चेहरा एक आणि व्यक्ती अनेक. दोन्हींत विज्ञानकल्पनेने नटाविषयीचाच प्रश्न सोडविला आहे. मात्र उत्तरे परस्परविरुद्ध आहेत.

‘एंदिरन’मध्येही ओळखीचा प्रसंग आहे आणि तोही शत्रूकडूनच घडतो. वसीगरन यंत्रमानवाच्या वेषात प्रतींच्या गर्दीत शिरतो आणि दुष्ट झालेला चिट्टी त्या गर्दीतून मनुष्य हुडकू लागतो. तर्काने पाहता प्रेक्षकाने येथे शास्त्रज्ञासाठी धास्तावले पाहिजे. वस्तुतः चित्रगृह त्या शोधणाऱ्या खलाच्या ऐटीवर लुब्ध होते. गायत्रीला छळणारा जुना खलनायक जणू पुन्हा भेटल्याचा तो आनंद आहे. ओळख पटते, पण ती पात्राची नव्हे, नटाची. रजनीकांत यांच्या बाजूने एवढे निःसंशय म्हटले पाहिजे, की भोळा चिट्टी, मत्सरी चिट्टी आणि संहारक चिट्टी यांतील भेद त्यांनी चालण्याबोलण्यातून स्पष्ट राखला आहे. तो भेद टिपणारा चाहता आंधळा नाही. एकाच चेहऱ्याच्या अनेक छटा वेगळ्या काढण्याचा त्याचा सराव मोठा आहे. त्याच्या पारखीची मर्यादा एवढीच, की तो चेहरा वगळून चिट्टीची कल्पना त्याला करता येत नाही.

मराठी रंगभूमीवर हे दोन्ही प्रकार नांदले आहेत. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकात प्रभाकर पणशीकर एकाच चेहऱ्याने पाच माणसे उभी करीत, आणि साऱ्या नाटकाचा पेच ओळखीचाच होता : साक्षीदार ओळखतात आणि लखोबा नाकारतो. उलट शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू यांच्यापासून दत्ता भट, सतीश दुभाषी अशा अनेक नटांकडे गेले आणि २०१६ साली नाना पाटेकर यांच्या रूपाने पडद्यावर आले. प्रत्येक वेळी लागूंशी तुलना झाली आणि प्रत्येक वेळी नव्या नटावर अन्यायही झाला. तरीही त्या तुलनांतूनच बेलवलकरांच्या स्वभावातील अहंता, करुणा आणि भाबडेपणा यांचे प्रमाण काय असावे, याची चर्चा जिवंत राहिली. पणशीकरांशी इतका एकजीव झालेला लखोबाही पुढे गिरीश ओक यांनी उभा केला. कारण संहिता हाताशी होती आणि ती नव्या नटाला बोलावीत होती.

यावर असा आक्षेप येईल, की नाटक पुन्हा पुन्हा नव्याने होते; चित्रपट एकदाच होतो आणि नटाचा देह त्यात कायमचा गोठतो, तेव्हा तेथे वारसाचा प्रश्नच अप्रस्तुत आहे. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. गणेश पुढच्याच वर्षी जयशंकरांकडून रजनीकांतांकडे गेला, तो चित्रपटातच. चिट्टीदेखील रजनीकांतांच्या चेहऱ्यासह जन्मला नव्हता. तो दोन नटांच्या दारावरून पुढे आला होता. ज्या पात्राची कल्पना तीन भिन्न प्रकृतींच्या नटांना घेऊन करता आली, त्यात नटनिरपेक्ष असे काही असलेच पाहिजे. सर्जकाच्या प्रतिमेत घडलेला, विचार करू लागल्यामुळेच असह्य ठरलेला आणि शेवटी स्वतःच्या हातांनी स्वतःचे भाग सुटे करणारा यंत्रमानव ही कल्पना कोणा एकाच्या चालीवर अवलंबून नाही. ‘एन इनिय इयंदिरा’ या कादंबरीत सुजातांनी जीनो हा यंत्रश्वान निर्मिला, तेव्हा तर मानवी चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता. तरी स्वतंत्रपणे विचार करू लागणारे ते यंत्र वाचकांना जिवलग झाले.

म्हणून नव्या नटाला जोखणाऱ्या चाहत्याला हसण्याचे कारण नाही. तो भूमिकेच्या स्मृतीचा रक्षक असतो, आणि ‘हा तो नव्हे’ असे म्हणण्यासाठी ‘तो’ कोण हे त्याला मनाशी ठरवावेच लागते. त्याच्या हट्टातून पात्राची व्याख्या घडत जाते. चिंता वाटावी ती जेथे असा हट्टच उद्भवत नाही, तेथील. ज्या भूमिकेला वारस सुचतच नाही, तिच्यासाठी कोणी भांडत नाही. आणि जिच्यासाठी कोणी भांडत नाही, तिच्या लेखकाचे नाव नटाच्या जयघोषात हळूहळू ऐकू येईनासे होते. उद्या कोणी तरुण नट चिट्टी होऊन आला आणि चेन्नईच्या चित्रगृहातून ‘याला ती सर नाही’ असा कल्लोळ उठला, तर तो त्या नटाला कटू वाटेल खरा. परंतु चिट्टी रजनीकांतांच्या पलीकडे जगू लागल्याची ती पहिली खूण असेल, आणि सुजातांच्या वाट्याचे श्रेय त्या कल्लोळातच प्रथम मोकळे होईल.