सारवलेली जमीन

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांग मागे टाकून सेमाडोहला सिपना नदीपाशी येतो. या वाटेवरच्या कोरकू माणसांचे बरे चालले आहे की नाही, हे ठरवू पाहणारी एक कृती म्हणून मी नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वाचला. पहिला अहवाल २०२१ सालचा. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन समान वजनाचे विभाग, त्यांत १२ कसोट्या. बांधणी रेखीव, हेतू प्रामाणिक. पोषणाला त्यात जे स्थान आहे, त्याबद्दल मेळघाटाचे नाव ऐकलेला कोणीही कुरकुरणार नाही. पाच वर्षांखालच्या ज्या पोराच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला, त्याला औषधपाणी हवे, तत्त्वचर्चा नको.

माझे भांडण आहे ते घराच्या कसोटीशी. घरातली जमीन मातीची वा शेणाची असेल, तर कुटुंब तेवढ्यापुरते वंचित! आता कोरकू गावाची घडण पाहा. घरांच्या समोरासमोर दोन ओळी, मध्ये ऐसपैस रस्ता. दारात उभे राहिले की समोरच्यांची चूल पेटली की नाही ते कळते. तिथले सारवण हे दैन्य नव्हे, घराची शिस्त आहे. (आपल्या आजीनेही दिवाळीला जमीनच सारवली होती, तिला वंचित म्हणण्याची कोणाची छाती झाली असती?)

हेच कुटुंब सुगीनंतर मजुरीसाठी अमरावती-अकोल्याकडे उतरते. शहराच्या कडेला फरशीची खोली मिळाली, दिवा आला, गॅस आला, की तीन कसोट्या पार. समोरच्या दारात कोण राहते हे मात्र ठाऊक नसते, आणि पोरांची कोरकू बोली शाळेच्या उंबऱ्याबाहेर थांबते. निर्देशांकाला यातले काही दिसत नाही, कारण त्याने ते विचारलेलेच नाही.

विचारता येते, बरे का! ऑस्ट्रेलियातील ब्रूम या गावी यावुरू नावाचे मूळनिवासी राहतात. मँडी याप आणि युनिस यू यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कसोट्या यावुरूंच्याच बोलण्यातून घेतल्या. 'माबु लियान' हा त्यांचा शब्द. स्वतःशी, आप्तांशी आणि भूमीशी माणसाचे नीट जुळलेले असणे, असा त्याचा आशय.

कोरकूंची कसोटी कोणती, हे मी अमरावतीत बसून सांगू नये. माझा तर्क एवढाच, की होळीला घरातली किती माणसे परतली, हा प्रश्न त्यात येईल. तो विचारायचा तर सेमाडोहसारख्या गावी, कोरकूतच विचारावा. आणि फाल्गुनात विचारावा, म्हणजे उत्तर द्यायला माणसे घरी असतील.