हलगी मिक्स: रस्त्यावरच्या नाचाचं संगीत

सोलापूरचं वर्ष मिरवणुकांवर मोजता येतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ आणि मग गणपती. यातल्या बऱ्याच मिरवणुकांमध्ये गेल्या वीसेक वर्षांत एक संगीत आलं, रुजलं आणि पोसलं गेलं. लोक त्याला सरसकट ‘डीजे’ म्हणतात. त्यातल्या अस्सल इथल्या प्रकाराला तरुण पोरं ‘हलगी मिक्स’ म्हणतात. वर्तमानपत्रांत हे संगीत येतं ते गुन्हा दाखल झाला, यंत्रणा जप्त झाली, आवाजाने मर्यादा ओलांडली अशा बातम्यांतून. ते कसं घडतं, त्यात चांगलं काय आणि कच्चं काय, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. लाखो माणसं ज्यावर नाचतात त्या कलेची समीक्षाच होत नसेल, तर तिचं नुकसान होतं, आणि हलगी मिक्सचं ते झालेलं आहे.

आधी ऐकायला काय मिळतं ते पाहू. एखादं भीमगीत, आराध्यांचं गाणं किंवा जुनी लावणी घ्यायची. तिच्यातला गळा वेगळा काढायचा. पूर्वी हे काम अर्धवटच साधे, आता संगणक ते मिनिटात करून देतो. गाण्याची लय मिनिटाला १२०–१३० ठोक्यांच्या आसपास आणायची. तळाला प्रत्येक मात्रेवर बेसचा ठोका, वर हलगीचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, आणि मध्ये कुठेतरी सायरन, भोंगा, सिनेमातला एखादा संवाद. दर मिनिटा-दीड मिनिटाला मिक्स करणाऱ्याचं नाव घोगऱ्या आवाजात घुमतं. मग बेस अचानक काढून घेतला जातो. उरते फक्त हलगी, कडकडत, एकटी. चार-आठ आवर्तनं गर्दी हात वर करून थांबते आणि बेस परत कोसळला की अख्खा रस्ता एकदम उडतो. शिकागो आणि डेट्रॉइटच्या नाचघरांत ऐंशीच्या दशकात जी युक्ती सापडली, तीच ही. फरक इतकाच की तिथे ताण वाढवायचं काम यंत्राच्या सुरांनी केलं, इथे ते कातडं करतं.

नाचघरांतल्या त्या यंत्रांशी भारताची ओळख तशी जुनी. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदात काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकार थक्क झाले, कारण शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाने १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढून ज्या यंत्राचा चिवचिवाट जगभर नेला, ते टीबी-३०३ सिंग यांनी पाच वर्षं आधीच भैरव-मालकंसासाठी जुंपलेलं होतं. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगावीच. पण सोलापूरच्या रस्त्यावरचं संगीत या तबकडीतून उगवलेलं नाही. त्याची वाट वेगळी आणि जास्त धुळीची.

ती वाट बेंजोपासून सुरू होते. टाईपरायटरसारखी बटणं असलेलं हे तंतुवाद्य मूळचं जपानचं. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ते बनवलं. भारतात ते बुलबुल तरंग झालं, महाराष्ट्रात त्याला पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडला गेला आणि बेंजो पार्टी तयार झाली. वरातीत ब्रास बँडची जागा तिने घेतली, कारण चार-सहा पोरांत आणि एका हातगाडीवर काम भागत होतं. १९८५ मध्ये रोलँडचं ऑक्टोपॅड आलं आणि हळूहळू ऑर्केस्ट्रातून बेंजो पार्टीतही शिरलं. काठीने रबराच्या चौकोनावर मारलं की ढोलकी, टाळी, काच फुटल्याचा आवाज, हवं ते निघे. पुढच्या लूपची ही पूर्वतयारीच होती: वाद्याचा आवाज वाद्यापासून सुटा झाला होता.

दुसरीकडून कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि ज्या गळ्यांना रेडिओवर जागा नव्हती ते गळे चहाच्या टपरीवर पोहोचले. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज आणि पुढे आनंद व मिलिंद शिंदे यांची गाणी याच लाटेवर घरोघरी गेली. या घराण्याची मुळं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात. आजही एखाद्या मिक्समध्ये शिंद्यांचा गळा लागला की गर्दीचा नूर बदलतो. कारण साधं आहे: हा आवाज मुळातच माइकशिवाय मैदान भरण्यासाठी घडलेला आहे, त्यामुळे बेसच्या भिंतीपुढेही तो बुजत नाही. नाजूक, कुजबुजत गायलेली आजची गाणी त्या भिंतीखाली चेंगरतात.

आणि मग हलगी.

लोखंडी कड्यावर ताणलेलं कातडं, डाव्या खांद्याशी टेकवलेलं, उजव्या हातात जाड टिपरू आणि डाव्या बोटांत बारीक काडी. टिपरू मधोमध पडतं तेव्हा ठोका, काडी कडेला लागते तेव्हा कडकडाट. कातडं सैल पडलं की कागद किंवा पाचट पेटवून त्यावर शेकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. चांगल्या वादकाच्या हातात काडी सतत बोलत असते. टिपरू लय धरून ठेवतं आणि काडी त्या लयीच्या मागे-पुढे होत राहते, कधी केसभर आधी, कधी केसभर उशिरा. कुस्तीच्या फडात, लेझमीच्या रांगेपुढे, जत्रेत, अंत्ययात्रेत, प्रत्येक ठिकाणी तिचं बोलणं निराळं. लेझमीत तर वादक समोरच्या पोरांचे पाय पाहून ठेका फिरवतो. सोलापूरच्या गणेशोत्सवातल्या लेझीम पथकांचा लौकिक मोठा, आणि त्या लौकिकाचा निम्मा वाटा हलगीवाल्यांचा आहे.

या वाद्याच्या पाठीवर जातीचं ओझंही आहे. हलगी वाजवणं पिढ्यान्‌पिढ्या मातंग आणि इतर दलित जातींवर लादलेलं काम होतं. गावकीच्या त्या कामांतून बाहेर पडणं हा आंबेडकरी चळवळीतला मोठा निर्णय होता. म्हणून आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरमधून हलगी वाजते तेव्हा तिचा अर्थ साधा राहत नाही. कुणाच्या दारात, कुणाच्या हुकुमावर वाजवायचं नाही. स्वतःच्या उत्सवात, स्वतःच्या पैशाने, शहराच्या मुख्य रस्त्यावरून न्यायचं. या संगीताकडे नुसता गोंगाट म्हणून पाहणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं. ज्यांच्या आवाजाला शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलं गेलं, त्यांनी आवाज मोठा करण्यात नवल काही नाही.

तरीही कला म्हणून प्रश्न विचारायला हवेत, आणि पहिला प्रश्न सहा मात्रांचा आहे. यंत्राचा नाच चौकोनी असतो: एक, दोन, तीन, चार. आपल्याकडची कितीतरी गाणी तशी नाहीत. गोंधळाचा संबळ, कोळीगीतं, देवीची पुष्कळ गाणी सहाच्या झोक्यात चालतात. ती चौकटीत बसवायची कशी? कसबी माणूस सहा मात्रांत दोनच ठोके टाकतो, पहिल्यावर आणि चौथ्यावर. मधल्या मात्रा संबळासाठी मोकळ्या राहतात, झोका टिकतो आणि पाय आपोआप तिरपे पडतात. घाईतला माणूस गाणंच खेचून-दाबून चाराच्या मापात बसवतो. गाणं ओळखू येतं, पण चालण्यातली लचक मरते आणि नाचणारा फक्त उभ्याउभ्या उड्या मारू लागतो. आज बाजारात फिरणाऱ्या मिक्समध्ये दुसऱ्या तऱ्हेची भरताड फार आहे.

सोलापूरला या बाबतीत एक नैसर्गिक फायदा मिळालेला आहे. गिरण्या आणि मागांनी वसवलेलं हे शहर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन कानांनी ऐकतं. पूर्व भागातल्या पद्मशाली वस्त्यांतून तेलंगणाचा तीनमार ऐकू येतो. त्याचं मूळ हैदराबादच्या अरब-सिद्दी मरफा वादनात आहे आणि त्याचा ठेका पायाला विलक्षण चिकटतो. विजयपूर-कलबुर्गीकडून कन्नड जानपद गाणी डीजेच्या रूपात येतात. एकाच मिरवणुकीत या तिन्हींचे सांधे जोडणं ही खरी सोलापुरी कारागिरी ठरू शकते. हलगीवरून तीनमारकडे लय न तुटता जाणं अवघड असतं, आणि जमलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पुण्या-मुंबईहून उतरवून घेतलेल्या तयार मिक्समध्ये हे येणं शक्य नाही, आणि इथले पुष्कळ जण अजूनही तीच तयार मिक्स लावतात याचं वाईट वाटतं.

मोठ्या पडद्याने या संगीताची दखल २०१६ मध्ये घेतली. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी करमाळा तालुक्यात चित्रित केलेल्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी एकीकडे लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि दुसरीकडे ‘झिंगाट’मध्ये थेट वरातीचा डीजे आणला. ‘झिंगाट’ची ताकद त्याच्या मोकळ्या जागांत आहे. ठेका भरगच्च वाटतो, पण गळ्याच्या वेळी वाद्यं बाजूला होतात. पुढे निघालेल्या शेकडो नकलांनी त्याचा दणका घेतला, मोकळी जागा घेतली नाही.

दणक्याचं कारण स्पर्धेत आहे. दोन मंडळांच्या गाड्या चौकात समोरासमोर येतात आणि कुणाचा आवाज कुणाला झाकतो यावर जिंकणं-हरणं ठरतं. जमैकातल्या किंग्स्टन शहरात पन्नासच्या दशकापासून साउंड सिस्टिमांचे असेच सामने होत आले. पण तिथे सामना जिंकायला दुसऱ्याकडे नसलेली तबकडी लागे, गायकाने खास आपलं नाव घेऊन गायलेली. त्या हट्टातून किंग टबीसारख्या विजेच्या कारागिराने डब नावाचा संगीतप्रकारच घडवला. इथेही ‘कॉम्पिटिशन’ आणि ‘साउंडचेक’ नावाची मिक्स निघतात, पण ती बहुतांशी स्पीकरची परीक्षा घ्यायला बनवलेली असतात. त्यांत गाणं नसतंच. भोंगे, कंपनं आणि तळाचे आवाज तेवढे असतात. ट्रॉलीवर बेस बॉक्सच्या रांगा वाढतात, भाडं वाढतं, कर्ज वाढतं, आणि कानाने मिक्स करणाऱ्या लहान ऑपरेटरला सुपारी मिळणं कठीण होतं.

यात सगळ्यात जास्त मार हलगीलाच बसतो. तिचा कडकडाट साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तिथे. तिला ऐकू जायला फार ताकद लागत नाही. बेस मात्र पन्नास-साठ हर्ट्झवर असतो. साठ हर्ट्झची एक लहर जवळजवळ पावणेसहा मीटर लांब. ती भिंतीने अडत नाही, कोपऱ्यावरून वळते आणि तिसऱ्या गल्लीतल्या आजारी माणसाची खाट हलवते. तो बेस वाढला की गाडीवरचा माणूस हलगी ऐकू यावी म्हणून वरचे आवाजही वाढवतो आणि सगळंच हाताबाहेर जातं. अमेरिकेतल्या ‘निऑश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलला पंधरा मिनिटांपलीकडे कान धोक्यात येतो. गाडीपुढे पोरं तासन्‌तास नाचतात.

कायदा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि वर्षातले मोजके दिवस राज्याला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. २०१८ च्या गणेशविसर्जनाआधी मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवरच्या बंदीला स्थगिती द्यायचं नाकारलं. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास सोलापुरातही डीजेबंदीची मागणी जोरात पुढे आली. ती करणाऱ्या म्हाताऱ्यांची, रुग्णांची, लहान मुलांच्या आईबापांची तक्रार रास्त आहे. पण नियमातलं मोजमापच या संगीताच्या बाबतीत लंगडं पडतं. मर्यादा ‘ए’ मापात दिलेली आहे, आणि हे माप साठ हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे २६ डेसिबल कमी धरतं. म्हणजे जो बेस छातीत आणि खिडकीत घुसतो तो मीटरवर जेमतेम उमटतो, आणि बिचारी हलगी पुरेपूर मोजली जाते. ‘सी’ माप खालच्या आवाजांना जवळपास पूर्ण धरतं. मिरवणुकीत तेही लावलं, तर ऑपरेटरला पहिल्यांदा बेस कमी करावा लागेल आणि संगीत ऐकू येऊ लागेल.

कलेच्या अंगाने पाहिलं तर आजची मोठी उणीव लूपची आहे. वर्षानुवर्षं त्याच त्या हलगीच्या तुकड्यांवर शेकडो मिक्स उभी आहेत. दोन-चार सेकंदांचा तुकडा, अगदी सारखा, गाणं संपेपर्यंत. त्यात टिपरू आहे, पण काडीचं मागेपुढे होणं गोठलेलं आहे. नाचणाऱ्याचे पाय पाहून ठेका फिरवणारा माणूस त्यातून गेला आहे. तो तुकडा कुणी वाजवला, कुठे वाजवला, हे कुठेच नोंदलेलं नसतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे. हलगीवाल्यापर्यंत मात्र ना पैसा पोहोचतो, ना नाव. मिक्स करणाऱ्याचं नाव दर मिनिटाला घुमतं आणि ज्याच्या मनगटावर ते मिक्स उभं आहे तो अनामिक राहतो.

हे बदलायला मोठं भांडवल लागत नाही. जिल्ह्यात पंढरपूर, माढा, सांगोला, अक्कलकोट अशा ठिकठिकाणी हलगीचे जाणते वादक आहेत आणि प्रत्येकाची चाल निराळी आहे. त्यांना साध्या स्टुडिओत बसवून, ठरलेलं मानधन देऊन, लेझमीची, कुस्तीची, जत्रेची अशी वेगवेगळी सलग वादनं टिपता येतील आणि मिक्सवर त्यांचं नाव घालता येईल. दुसरा मार्ग याहून धीट आहे. गाडीपुढे दोन जिवंत हलग्या उभ्या करायच्या, त्यांना माइक लावायचे आणि ऑपरेटरने आपला बेस त्यांच्या लयीमागे चालवायचा. यंत्राची लय पक्की आणि हलगीची श्वास घेणारी, त्यामुळे हे अवघड जाईल. ऑपरेटरला लॅपटॉपवरची नजर काढून वादकाच्या मनगटाकडे बघत राहावं लागेल. सोलापूरच्या लेझीम पथकांतली पोरं हेच दरवर्षी आठवडे-आठवडे सरावात शिकतात, आणि त्यांच्यातलीच काही पुढे डीजेच्या गाडीवर चढतात.