रिकाम्या जागांचा निबंध

‘नेचर’ साप्ताहिकात १९६८ साली दोन पानांचा एक शोधनिबंध आला. लेखक तिघे : ब्रूस मॅकइवेन, जे वाइस आणि लेस्ली श्वार्ट्झ, संस्था न्यूयॉर्कचे रॉकफेलर विद्यापीठ. ताणाच्या वेळी रक्तात उसळणारे कॉर्टिकोस्टेरोन उंदराच्या मेंदूत नेमके कुठे मुक्काम करते, एवढाच त्याचा प्रश्न. माणसात हे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करते. शोधनिबंधाचे कसले रसग्रहण, असे कुणी म्हणेल. पण रचनेतली काटकसर हा रसाचा विषय असेल, तर हा निबंध त्यात बसतो.

प्रयोगाची सगळी करामत पहिल्याच पायरीत आहे. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी आधी काढून टाकल्या, म्हणजे संप्रेरकाचा मुख्य झराच बंद केला. मग ट्रिटियमची किरणोत्सारी खूण असलेले कॉर्टिकोस्टेरोन टोचले. ग्रंथी शाबूत असत्या, तर शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकाने रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणाऱ्या पेशींतल्या जागा, आधीच अडवले असते आणि खुणेच्या रेणूंना जागा मिळाली नसती. पंगत उठल्याशिवाय पाट मोजता येत नाहीत, तसे हे. एरवी जो आजार म्हणून तपासायचा, तो अभाव इथे उपकरण होऊन आला आहे, आणि लेखक त्याचा जराही गाजावाजा करत नाहीत.

पिट्युटरीला हुकूम देणारा हायपोथॅलॅमस हाच संप्रेरकाचा पत्ता असणार, असा तेव्हा कुणाचाही कयास झाला असता. खूण सर्वाधिक साठली ती हिप्पोकॅम्पसमध्ये, स्मृतीशी बांधलेल्या भागात. ताण आणि आठवण यांचे नाते रेणूंच्या पातळीवर इथे पहिल्यांदा दिसू लागते.

निबंधाची मर्यादा कळायला १९८५ साल उजाडावे लागले. नेदरलँड्समध्ये रूल आणि डी क्लोएट यांनी दाखवले की मेंदूत या संप्रेरकाचे रिसेप्टर दोन जातींचे आहेत. एक, मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, संप्रेरकाला सुमारे दहापट घट्ट धरतो. एरवीच्या थोडक्या पातळीलाही तो बराचसा भरलेला असतो. दुसरा, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, ताणात किंवा रोजच्या चढत्या प्रहरातच नीट भरतो. हे माहीत करून १९६८ चा निबंध पुन्हा वाचावा. टोचलेली मात्रा बारीक होती, म्हणून ती मुख्यतः पहिल्या जातीने पकडली, आणि ती जात हिप्पोकॅम्पसमध्ये दाट आहे. निबंध खरे बोलत होता, फक्त अर्धे.

मग अभाव टिकला तर काय? काही दिवसांत हिप्पोकॅम्पसमधले दुसऱ्या जातीचे रिसेप्टर वाढतात. हाक ऐकू येईना म्हणून पेशी जणू जास्त कान उभारते. पहिली जात मात्र रिकामी पडते, आणि तिचे रिकामेपण महाग पडते. १९८९ मध्ये स्लोव्हिटर व सहकाऱ्यांनी दाखवले, की ग्रंथी काढल्यावर काही महिन्यांनी काही उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या डेंटेट गायरस या भागातल्या कणपेशी जवळजवळ नाहीशा होतात. कॉर्टिकोस्टेरोन पुरवले तर वाचतात. ताणाच्या संप्रेरकाला आपण सरसकट खलनायक ठरवतो, म्हणून हा निष्कर्ष मला विशेष आवडतो.

ॲडिसनच्या रोगात माणसाच्या याच ग्रंथी निकामी होतात. रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातले कॉर्टिसॉल, दिवसभरात विभागून दिले जाते, सकाळी सर्वांत जास्त. निरोगी शरीरात मात्र कॉर्टिसॉल रात्रीच्या उत्तरार्धातच, माणूस झोपेत असताना, चढू लागते. ती चढण साध्या गोळीला अजून नीट साधलेली नाही.